कासवाची बाळंतखोली

खर्र. जरा थांबून पुन्हा खर्र.

मी हातातली सुई तशीच धरून ठेवली. दुपारची वेळ. पाऊस उघडला होता, पागोळ्याही गळायच्या थांबल्या होत्या. सासूबाई माजघरात लवंडल्या होत्या आणि विमल त्यांच्या पोटाशी शिरून झोपली होती. घर इतकं गप्प की चुलीतला निखारा ढासळला तरी कानाला कळावं. आवाज आला तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या आंब्याच्या पेटीतून, नख लाकडावर ओढल्यासारखा. मी लगेच उठले नाही. उठून बघायचं आणि उंदीर निघायचा, त्यापेक्षा बसल्या जागी आणखी थोडा वेळ आशा धरलेली बरी.

त्या पेटीत कासव आहे. चैत्रात हे बोटीवरून सुट्टीला आले तेव्हा घेऊन आले होते. कराचीच्या धक्क्यावर कोणा सिंध्याकडे मिळालं म्हणाले. ओंजळीत मावेल एवढं, पाठ काळी आणि तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. विमलने आधी बापाला ओळखलंच नव्हतं. मागल्या खेपेला ती रांगत होती, यंदा दाराआड उभी राहून "हे कोण?" म्हणून मला विचारत होती. यांनी पिशवीतून कासव काढलं आणि ओटीवर ठेवलं. कासव चाललं, त्याच्यामागे विमल चालली, आणि संध्याकाळपर्यंत ती यांच्या मांडीवर बसलेली होती.

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आधी हे गेले. भाट्याच्या तरीवर, खाडीपलीकडे नेणाऱ्या होडीपर्यंत, आम्ही पोचवायला गेलो तेव्हा विमलला म्हणाले, "ह्याला सांभाळ हां. मी येईन तेव्हा मला चालता दाखवायचा. दाखवशील ना?" तिने मान हलवली. माझ्याकडे बघून म्हणाले, "जपा." ते कोणाला, ते काही सांगितलं नाही. होडी सुटली.

तेव्हापासून विमल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "बाबांचा कासव माझ्याकडे हाय. बाबांना परत द्यायचा हाय." आणि मीही ते मनात धरून बसले आहे. या घरात यांच्या हातचं, अजून चालतंबोलतं असं तेवढंच आहे.

पहिली चूक विहिरीची झाली. आमच्याकडे कासव मिळालं की विहिरीत सोडतात. ते किडे खातं, पाणी नितळ राहतं. आमच्या विहिरीतलं जुनं कासव कधीच गेलं होतं, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "घरात कशाला मेलं पायात पायात? पाण्याचं जनावर पाण्यात बरं." मलाही ते पटलं. कासव म्हणजे पाणी, यापलीकडे मला तरी काय ठाऊक होतं? पोहऱ्यात घालून आम्ही त्याला अलगद खाली सोडलं. विमल काठावर वाकून बघत होती.

ते पोहलंच नाही. दगड पडावा तसं बुडालं, मग वर आलं, पाय झाडू लागलं आणि एका चिऱ्याच्या खाचेला नखांनी लोंबकळून राहिलं. मी लुगड्याचा काचा मारला आणि खाचांत पाय ठेवत खाली उतरले. वैशाखातलं पाणी, कमरेइतकंही नव्हतं. पण वरून बघणाऱ्याला ते काय कळणार? पलीकडच्या यमुनाबाई कळशी घेऊन येत होत्या. त्यांनी कळशी टाकली आणि आरडत सुटल्या, "धावा गो, आनंदीबाईच्या सुनेने जीव दिला." मी एका हातात कासव धरून वर आले तो काठावर अर्धी वाडी जमलेली.

"नवरा बोटीवर असला की बायकांना असं होतं," यमुनाबाई कोणालातरी हळू आवाजात सांगत होत्या. "मनावर घेतात."

"मी कासवासाठी उतरले," मी म्हटलं.

"होय गो बाय, कासवासाठीच," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने मला जे वाटलं ते विहिरीत उतरताना वाटलं नव्हतं.

पायाकडे नीट बघितल्यावर उलगडलं. विहिरीतल्या कासवाच्या बोटांना पडदे असतात. याचे पाय हत्तीच्या पायासारखे, खांबच. हे कोरड्यातून चालणारं जनावर होतं, आणि ते आमच्याकडे आलं होतं जिथे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात.

आषाढ लागला. दारं फुगली, अंथरुणाला वास येऊ लागला. कासव पडवीत एका टोपलीत असे. आधी त्याने खाणं सोडलं, मग चालणं. एक दिवस नाकाशी बुडबुडा दिसला, श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज. डोळे सुजून मिटले. विमल टोपलीशी बसून विचारी, "झोपलाय?" मी म्हणे, "झोपलाय." तरीवरून टपालवाला काशीराम आला की मी फाटकापर्यंत जाई. तो लांबूनच हात हलवी. "टपाल घाटावरून फिरून येतंय वो वैनी, उशीर व्हायचाच." बसऱ्याच्या बंदरातून यांचं ज्येष्ठात एक कार्ड आलं होतं. मग काही नाही. टोपलीत बघायचं, फाटकात बघायचं, दिवस संपायचा.

मग मी म्हटलं, निदान कोरडं तरी ठेवू. आंब्याची रिकामी पेटी घेतली आणि तळाला भाट्याच्या पुळणीवरची वाळू घातली. आधी तव्यावर भाजून घेतली, कोरडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी बघते तर वाळू हाताला चिकटते आहे. पुन्हा भाजली, पुन्हा ओली. चौथ्यांदा भाजताना सासूबाई जपाची माळ ठेवून आल्या, चिमूटभर वाळू जिभेवर टेकवली आणि थुंकून टाकली.

"मीठच हाय हे. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते दिसत न्हाय तुला?"

समुद्राकाठी जन्म गेला आणि वाळू खारी असते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ती सगळी माडाच्या बुंध्यात ओतली.

मागल्या दारी चिऱ्याची भिंत घालताना उरलेली तांबडी भुकटी सुपाखाली कोरडी राहिली होती. ती चाळली, भाजली, तिच्यात भाताचा तूस मिसळला आणि पेटीत चार बोटं जाड थर दिला. तो थर कोरडा राहिला. पण कासव थंडच. पोटाला हात लावला तर पाट्याला लावल्यासारखं वाटे.

त्या दिवशी विमलला न्हाऊ घालताना पाणी मनगटाच्या मागच्या बाजूने बघितलं, आणि तसंच थांबले. विमल झाली तेव्हाची खोली आठवली. याच दिवसांत झाली ती, असाच पाऊस. बाजेखाली राखेत झाकलेले निखारे, कोपऱ्यात ओवा-शेपांची धुरी, दाराला घोंगडी. बाहेर सगळं ओलं असताना त्या खोलीत मी आणि ती दोघी कोरड्या आणि उबदार होतो. हे तेव्हाही नव्हते. मुलगी झाल्याचं त्यांना कुठल्याशा बंदरात कळलं.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "निखारे दिवसभर कसे ठेवायचे? विझू न देता, आणि धग न लागू देता?"

"कोण बाळंत झालं?"

मी पेटीकडे बघितलं. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कासवाची बाळंतखोली. बरं झालं, माझ्या लेकाने हत्ती न्हाय आणलान."

पण बसल्या. करवंट्या जाळून निखारे कसे पाडायचे, खाली राख किती, वर राख किती, फुंकर कधी घालायची नाही, हे सगळं त्यांनी हाताने करून दाखवलं. इतक्या जवळ बसून आम्ही दोघींनी एक काम केलं त्याला बरेच दिवस झाले होते. लेक बोटीवर गेला की त्या जपाकडे वळतात आणि मी शिवणाकडे. एकमेकींच्या तोंडाकडे बघायचं आम्ही टाळतो. बघितलं तर एकीला दुसरीचं कळेल.

पेटी विटांवर चढवली, खाली मडक्याच्या खापरात निखारे ठेवले. तासाभराने बघते तर इतके दिवस न हललेलं कासव पलीकडच्या फळीला डोकं टेकून पडलेलं. मी आनंदाने सासूबाईंना हाक मारली. त्यांनी आत हात घातला आणि मागे घेतला. "अगो, पळून गेलंय ते. भाजतंय त्याला. तू बाजेवर होतीस तेव्हा धग लागली तर ओरडत होतीस. हे कोणाला ओरडेल?"

तेव्हापासून खापर पेटीच्या एकाच टोकाखाली असतं. दुसरं टोक गार. त्याला हवं तिकडे त्याने जावं. वर अर्ध्या भागावर गोणपाट, अर्धा भाग उघडा. आणि फार कोरडं झालं तर डोळे आणखी चिकटतील, म्हणून गार कोपऱ्यात भिजवून पिळलेलं सोडण कुसकरून घातलं. नारळाचं ते साल दिवसभर ओल धरून ठेवतं आणि बाकीची पेटी भिजवत नाही. सकाळी कोमट पाण्याच्या परातीत त्याला थोडा वेळ ठेवायचं, डोळे कापसाने पुसायचे, फडक्याने टिपून परत आत.

सगळ्यात कठीण होतं ते हवेचं. ऊब हाताला कळते, ओल कशी कळावी? ती युक्ती विमलमुळे सुचली. ती फणसाचा भाजलेला पापड घेऊन पेटीशी बसली होती आणि म्हणाली, "आये, मऊ झाला." मी तिच्या हातातला तुकडा घेऊन पेटीच्या फटीत खोचला. तुकडा कुरकुरीत राहिला तर आतली हवा बरी. मऊ पडला तर गोणपाट सारायचं आणि निखारे वाढवायचे. काळपट होऊन वळला तर निखारे काढायचे. रोज सकाळी नवा तुकडा. पहिले काही दिवस दुपारी बघावं तर तुकडाच नसे. मी उंदराला दोष देत राहिले. मग सासूबाईंनी विमलच्या परकराच्या ओच्यातला चुरा दाखवला.

"बाबांच्या कासवाचा पापड हाय तो," मी तिला सांगितलं. "तो आपल्याला सांगतो, त्याला बरं हाय की न्हाय."

तिने ते फार मनाला लावून घेतलं. त्यानंतर तुकड्याला हात लावला नाही. दिवसातून कितीदा तरी जाऊन नाक फळीला लावून नुसतं बघे आणि मला येऊन सांगे, "बरा हाय." किंवा, "मऊ पडलाय, चल."

मी जात असे. कासवाचे डोळे मात्र मिटलेलेच. परातीतल्या पाण्यात मान सोडून पडे. सासूबाई एकदा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गंगे, गेलं तर पोरीला काय सांगायचं ते मनात धरून ठेव." मी काहीच धरून ठेवलं नाही. एकाचं धरलं की दुसऱ्याचंही धरावं लागतं.

खर्र.

आता मात्र उठले. पेटीवरचं गोणपाट बाजूला केलं. कासव गार कोपऱ्यातून निघून तांबड्या भुकटीवर आलं होतं. मागे त्याच्या पायांच्या दोन बारीक ओळी. सकाळी ठेवलेल्या जास्वंदीच्या फुलाची एक पाकळी अर्धी तोडलेली आणि तोंडाच्या कडेला लाल डाग. एक डोळा उघडा होता. काळा, ओला, आणि माझ्याकडेच लावलेला. दुसरा अजून चिकटलेला होता, पण पापणी हलत होती. नाकाशी बुडबुडा नव्हता. मी मनगट त्याच्या पाठीवर ठेवलं. ऊब होती. ती निखाऱ्याची की त्याची, ते सांगता आलं नसतं, आणि मी सांगायलाही बसले नाही. तिथेच जमिनीवर बसले आणि पदर तोंडाला लावला.

"गेलं काय?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

"खाल्लं," मी म्हटलं.

त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघ तरी, तोंड रंगवून बसलंय," आणि निखाऱ्यावरची राख सारखी करायला खाली बसल्या. राख सारखीच होती.

बाहेर काशीरामच्या वहाणा चिखलात वाजल्या. फाटकाशी क्षणभर थांबल्या. आम्ही दोघींनीही मान वळवली नाही. वहाणा पुढे गेल्या, यमुनाबाईंच्या घराकडे.

विमल डोळे चोळत आली. उठल्या उठल्या आधी पापड बघायचा हा तिचा नेम, त्यामुळे कासवाकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिने फटीतला तुकडा ओढून काढला, कानाशी धरला आणि मोडला. कुडुम असा आवाज झाला.

"बरा हाय," ती म्हणाली. मग तिने आत बघितलं. कासवाने मान लांब केली, पाकळीचा उरलेला तुकडा तोडला आणि सावकाश चावू लागलं. विमलने श्वास रोखून धरला होता. पाकळी संपल्यावर तिने तो सोडला आणि माझ्या मांडीत येऊन बसली.

"बाबांना दाखवायचा," ती म्हणाली.

"दाखवायचा."

हातातला पापडाचा अर्धा तुकडा तिने परत फटीत खोचला, नीट बसला का ते बोटाने बघितलं. दुसरा अर्धा तळहातावर धरून ती बराच वेळ बघत राहिली. खाल्ला नाही. सासूबाईंचा हात राखेतच थांबला होता.

"आये," विमल म्हणाली, "बाबांच्या बोटीत पापड कोण लावतं गो?"