ब्रेकला शिलाई मशीनचं तेल

शिंप्याच्या मुलीला नोकरी लागली होती, पण एका अटीवर. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची ड्रेसिंगं बदलायची, इंजेक्शनं द्यायची, म्हणजे गाडी चालवता यायला हवी आणि तसा परवाना हातात हवा. परवान्याची परीक्षा त्या दिवशी दुपारी होती. ती हुकली तर जागा यादीतल्या पुढच्या नर्सला जाणार होती.

गाडी घरचीच, बाबांची जुनी मोटारसायकल. मुलगी तिच्यावरच शिकली होती. गाडीत तसा काही दोष नव्हता, फक्त मागचा ब्रेक दाबला की करकर आवाज यायचा.

“परीक्षा घेणारा माणूस आधी कानाने बघतो,” शिंपी सकाळी चहा पिताना म्हणाला. “आवाज आला की संपलं.”

“मग मिस्त्रींकडे न्या,” बायको म्हणाली.

मिस्त्री म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. त्याच्याकडे जाणं शिंप्याला अवघड होतं. मागे मिस्त्रीने स्वतःच्या पँटची उसवलेली शिवण तांब्याच्या तारेने शिवली होती. ती पुढे शिंप्याकडे आली तेव्हा त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर उलटी करून दाखवली आणि ज्याचं काम त्यानेच करावं यावर बराच वेळ व्याख्यान दिलं. आता कोणत्या तोंडाने जायचं?

“एवढ्यासाठी मिस्त्री कशाला?” शिंपी म्हणाला. “चाळीस वर्षं मशीन चालवतोय. यंत्र ते यंत्र.”

“तुम्ही पंखा दुरुस्त केलात तेव्हाही असंच म्हणाला होतात.”

“फिरतोय ना पंखा?”

“फिरतोय. उलटा.”

मुलगी आत वाहतुकीच्या खुणा पाठ करत होती. बाहेर अंगणात शिंप्याने जुनी चादर अंथरली आणि कामाला सुरुवात केली.

आधी त्याने चेन बघितली. चेन थोडी सैल होती. गाडीची चेन थोडी सैल असावीच लागते, कारण खड्ड्यातून जाताना चाक वरखाली होतं आणि त्याबरोबर तिला ताणायला जागा लागते. पण शिंप्याच्या धंद्यात सैल म्हणजे बिघडलेलं. त्याने ती अंगाला बेतून शिवल्यासारखी घट्ट केली. गाडी ढकलून बघितली तर जागची हलेना. “बसलं फिटिंग,” तो म्हणाला, आणि मग थोडा विचार करून त्याने थोडं सोडलं.

मग त्याने मागचं चाक काढलं. चाकाच्या मधोमध एक डबा असतो, आत दोन अर्धगोल पट्ट्या. पायाने ब्रेक दाबला की त्या पट्ट्या फाकतात, डब्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. सगळा खेळ घासण्याचा आहे. हे शिंप्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की दोन गोष्टी एकमेकींवर घासताहेत, आणि अशा ठिकाणी काय करायचं हे त्याला चाळीस वर्षांपासून पाठ होतं. त्याने दुकानातून मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि दोन्ही पट्ट्यांना हात सैल सोडून तेल पाजलं.

चाक परत बसवल्यावर चादरीवर एक छोटी स्प्रिंग उरली.

“हे काय राहिलं?” बायकोने दारातून विचारलं.

“हात बसलेला असला की माल उरतोच,” शिंपी म्हणाला. स्प्रिंग त्याने शर्टाच्या खिशात ठेवली.

त्याने ब्रेक दाबून बघितला. जराही आवाज नाही. त्याने मुलीला हाक मारली.

मुलगी गल्लीत एक चक्कर मारायला निघाली. कोपऱ्यावर तिने मागचा ब्रेक दाबला. पाय खाली गेला, आवाज आला नाही, आणि गाडी आपल्या वेगाने पुढे जात राहिली. समोर गॅरेज होतं. मुलीने पुढचा ब्रेक धरला, त्याला अजून शिंप्याचा हात लागला नव्हता, म्हणून तो लागला. गाडी गॅरेजबाहेरच्या जुन्या टायरांच्या ढिगात शिरून उभी राहिली.

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “लागलं का गं कुठे?”

“नाही, काका.”

“कोणी हात लावलाय गाडीला?”

तेवढ्यात शिंपी धापा टाकत पोचला. मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या काळ्या बोटांकडे.

“या, मास्तर. तार आणू का?”

शिंप्याने ते गिळलं. “दुपारी पोरीची परीक्षा आहे,” तो म्हणाला. “मला टोचा नंतर. आधी गाडी बघा.”

मिस्त्रीने गाडी स्टँडवर घेतली. त्याने चाक उतरवलं आणि पट्टी नाकाला लावली. “शिलाई मशीनचं?”

“चांगल्यातलं.”

“वास चांगला आहे.” त्याने आत बोट फिरवलं. “इथे दुसरी स्प्रिंग असते.”

शिंप्याने खिशातून स्प्रिंग काढून दिली. तिच्याबरोबर एक बटणही निघालं, ते मिस्त्रीने परत केलं.

तेल प्यायलेल्या पट्ट्या धुऊन उपयोग नसतो. मिस्त्रीने नव्या काढल्या. मुलगी शेजारी उकिडवी बसून कुठे काय जातं ते विचारत राहिली आणि मिस्त्री एकेक गोष्ट तिच्या हातात देऊन सांगत राहिला. चेनही त्याने नीट केली. “ब्रेक आता कडक लागेल,” तो म्हणाला. “पाय हलका ठेव. दोन-चार चकरा मारून मगच जा.”

परीक्षेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारली होती. तिच्या आत थांबायचं. पण त्याआधी अधिकारी प्रत्येकाला एक प्रश्न विचारत होता. “मागचा ब्रेक लागेनासा झाला, कारण काय असेल?”

रांगेत तिच्या पुढे असलेला मुलगा म्हणाला, “ब्रेक बिघडला असेल.” त्याच्या पुढचा म्हणाला होता, “नशीब.”

मुलगी म्हणाली, “पट्ट्यांना तेल लागलं असेल.”

“तेल तिथे कसं जाईल?”

“घातलं तर जाईल.”

“ब्रेकला तेल कोण घालेल?”

मैदानाभोवती बांधलेल्या दोरीपलीकडून आवाज आला. “मी.”

अधिकाऱ्याने शिंप्याकडे बघितलं. मग गाडीकडे बघितलं. “हीच गाडी?”

“हीच,” मुलगी म्हणाली.

“मग मी हिला चालवू कशी देऊ? दुरुस्ती कोणी केली? यांनीच?”

शिंपी दोरीखालून वाकून आत आला. “साहेब, मी फक्त बिघडवली,” तो म्हणाला. “दुरुस्त मिस्त्रींनी केली. मला यातलं काही कळत नाही. तिला विचारा.”

अधिकारी खाली बसला. चेन किती सैल हवी, त्याने विचारलं. का? आत काय काय आहे? मुलीने सांगितलं. त्याने स्वतः ब्रेक दाबून चाक फिरवून बघितलं, आणि मग हाताने जा अशी खूण केली.

मुलगी निघाली. रेघेजवळ तिने पाय हलका ठेवला. पुढचं चाक रेघेच्या वीतभर आत थांबलं. अधिकाऱ्याने कागदावर सही केली आणि पुढच्याला बोलावलं.

मैदानाबाहेर शिंप्याने सवयीने हँडलकडे हात नेला. मुलगी उतरली नाही.

“मागे बसा, बाबा.”

स्वतःच्या गाडीवर तो मागे कधी बसलाच नव्हता. तो बसला, आणि पाय कुठे ठेवायचे ते न कळून त्याने ते हवेत धरले. मुलीने वाकून मागचं पायदान उघडलं.

“इथे,” ती म्हणाली.