दूरचा कोपरा

फळा आहे मी. लाकडाचा, एका बाजूनं फुगलेला. धाड गावातली एक शिकवणी बंद पडली, तेव्हा धम्मशीलानं मला घरी आणलं आणि आतल्या खोलीत टांगलं.

आई गेल्यावर बाबांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून पुण्यातलं गणिताचं संशोधन घेऊन ती गावी आली होती. दिवसभर माझ्याशीच बोलायची. गावात त्या विषयावर बोलणार कोणाशी? शेजारच्या झुंबरबाई दारातून डोकावून विचारायच्या, "पोरी, नोकरी कवा लागन?" आणि उत्तराआधीच निघून जायच्या.

एके दुपारी पुण्याहून तिच्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. सिद्धतेत चूक निघाली होती. तिनं मला पुसलं नाही, काही लिहिलंही नाही. खाली बसून राहिली.

तिचे बाबा किसनराव आत आले. "काऊन बसली अशी?"

"चुकलं, बाबा. वर्ष वाया गेलं."

"कुठं चुकलं, मले सांग."

असं तिला गावात कोणीच विचारलं नव्हतं. ती उठली. माझ्यावर चौकटी आखल्या.

"दोन घरं उजवीकडं, मग तीन वर. नाही तर आधी तीन वर, मग दोन उजवीकडं. पोचतो तिथंच. याले क्रमनिरपेक्ष गट म्हणतात. अशा चाली एखाद्या जागेवर चालत असल्या, अन् ती लई दुरून पाह्यली, त बारीक खड्डे दिसत नाहीत. चालींची जाळीच दिसते."

"मंग?"

"मी धरून चालले, का जागेचा कोणताच भाग जाळीपासून लांब नाही. पण एक कोपरा लांब लांब जातच राह्यतो. तिथं कोणतीच चाल पोचत नाही."

किसनरावांनी चौकटींच्या पलीकडं बोट ठेवलं. "तिथं कोणी राहत असन त लई एकटं वाटत असन त्याले."

धम्मशीला हसली, आणि हसता हसता रडली.

मग तिनं तो कोपरा वगळून लहानसंच, पण खरं प्रमेय सिद्ध केलं. त्यावर चेन्नईच्या गणिताच्या संस्थेतून बोलावणं आलं. ती जाईना. "जा तू," बाबा म्हणाले. "मी राह्यतो."

ती गेली. आता खोलीत मी आहे, ओल आहे. परवा फोनवर त्यांनी विचारलं, "तिकडं तुले बोलाले कोणी हाय का?"

"हाय, बाबा. इथं सगळे गणिताचंच बोलतात."

"मंग झालं."

फोन ठेवून त्यांनी त्या रात्री चूल पेटवली नाही. तिनं हाच प्रश्न त्यांना विचारला असता, तरीही त्यांनी खरं सांगितलं नसतं.

मला फोन लावता येत नाही. तुमच्यापैकी कोणी धाडला आलात, तर किसनरावांकडे घटकाभर बसा. काहीही विचारा त्यांना.