गाळलेलं प्रकरण

"उद्या गाडी पाठवतो. घरी या," एवढंच बोलून संपतभाऊंनी फोन ठेवला. वंदना फोन हातात धरून ओट्याशी तशीच उभी राहिली. भाजी खाली लागल्याचा वास घरभर झाला, तेव्हा सगुणाबाई बाहेरून आत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

"कोणाचा फोन आल्ता? तोंड कामून असं पांढरं पडलं?"

"आत्या, संपतभाऊंना चुकीची फाईल गेली," वंदना म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

सासूला ती आत्याच म्हणायची. फाईल म्हणजे काय ते सगुणाबाईंना कळलं नाही, पण संपतभाऊ हे नाव कळलं, आणि त्या मटकन स्टुलावर बसल्या.

वंदना जालन्याच्या एका दुकानात लग्नपत्रिका जुळवायचं काम करायची. दुकान बंद पडलं आणि ती बदनापूरला घरी बसली. तेव्हा तिने लिखाण तपासायला शिकवणारा ऑनलाइन वर्ग लावला. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणारे पुष्कळ झाले होते, भुतांच्या आणि खुनांच्या कथा लिहिणारे तर जास्तच, आणि त्यांचं लिखाण तपासून नीट करणारं कोणीतरी लागायचं. वर्गाच्या बाईंनी एक रीत शिकवली होती. आधी मनात येईल ते सगळं समासात बेधडक लिहायचं; ती फाईल आपल्यापाशी ठेवायची. मग लेखकाला सोसेल तेवढंच दुसऱ्या फाईलमध्ये उतरवून पाठवायचं.

वंदना मुळातच भित्री. पत्रिकेत कोणाच्या आजोबांचं नाव चुकलं तरी तिला झोप लागत नसे. त्यामुळे तिची दुसरी फाईल नेहमी लोण्यासारखी मऊ असायची, आणि पहिल्या फाईलमध्ये ती कोणालाच भीत नसे.

संपतभाऊंना गेली होती ती पहिली.

हे संपतभाऊ गोदावरीच्या काठाला, कुंभार पिंपळगावच्या पुढे राहणारे. वाळूच्या गाड्या त्यांच्या. त्यांची गाडी समोरून आली की लोक आपली मोटारसायकल रस्त्याखाली उतरवतात. त्यांनी एक कादंबरी लिहिली होती. तिचा नायक भैरव कोणाच्या बापाला भीत नव्हता. वंदनाने समासात लिहिलं होतं, 'हा माणूस आहे का चौकातला पुतळा? पंचवीस जण अंगावर आले तरी याला घाम फुटत नाही, मग वाचकाला का फुटावा?' आणि बाराव्या प्रकरणात, जिथे भैरवची बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असते आणि तो बाहेर गाड्यावर जेवतो, तिथे तिने लिहिलं होतं, 'हे साफ खोटं. बायको मरत असताना कोण जेवेल? काढून टाकावं.'

नवरा, कल्याण, बियाण्यांच्या कंपनीच्या कामाने विदर्भात होता. फोनवर तो आधी म्हणाला, "बिलकुल जाऊ नको."

"न्हाई गेले तर ते घरी येतील."

मग तो म्हणाला, "आईला संगं ने."

गाडी सकाळीच आली. काळ्या काचा, आत अत्तराचा वास. जालना मागे पडलं, अंबड गेलं, दोन्ही बाजूंना ऊस दाटत गेला. माफी कशी मागायची याची वाक्यं ती मनात जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य तिला खोटं वाटत होतं. शेजारी सगुणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

वाड्यासारखं नवंकोरं घर होतं. अंगणात खुर्च्यांवर बसलेली माणसं या दोघी आल्यावर बोलायची थांबली. बैठकीत संपतभाऊ एकटेच होते. अंगाने किरकोळ, केस रंगवलेले. त्यांनी हात केला आणि दार बाहेरून ओढून घेतलं गेलं.

"बसा मावशी. बसा मॅडम."

मोसंबीचा रस आला. कोणी पेल्याला हात लावला नाही. संपतभाऊंनी कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. तिने समासात लिहिलेलं सगळं त्यांनी छापून घेतलं होतं. चष्मा लावून ते एकेक शब्द मोठ्याने वाचू लागले.

"हा माणूस आहे... का चौकातला... पुतळा." त्यांनी वर पाहिलं. "माझ्या तोंडावर असं कोणी बोललं न्हाई आजवर."

"भाऊ, चुकून झालं. ती फाईल तुमच्यासाठी नव्हती. मी सगळं..."

"चुकून पाठवलं. चुकून लिव्हलं का?"

वंदनाला खोटं बोलायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण समोरच्या नजरेत खोटं चालेलसं तिला वाटेना. "नाही," ती म्हणाली. "लिहिलं ते मनापासून."

सगुणाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. संपतभाऊंनी पानं उलटली, बारावं प्रकरण काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"हे साफ खोटं, म्हणलं तुम्ही."

"हो."

"मी जेवलो होतो."

तिला नीट कळलं नाही.

"माझी बायको शालू संभाजीनगरला दवाखान्यात होती. आत मशिनीवर. डॉक्टर मला बोलावून राह्यले होते, सही करा, भेटून घ्या म्हणून. मी बाहेर गाड्यावर बसलो. पोहे खाल्ले. मंग भजे खाल्ले. परत पोहे घेतले. खात होतो तवर कोणी आत चला म्हणत न्हवतं." त्यांनी चष्मा काढला. "संपलं अन् गेलो, तवर ती गेल्ती."

या माणसाच्या डोळ्यांत काय चाललंय ते पाहण्याचा धीर वंदनाला होईना. बोलल्या त्या सगुणाबाई.

"आमचे मालक गेले तवा मी गोठ्यात होते. घरातून हाका मारून राह्यले लोकं, अन् मी आपलं शेणच भरू लागले. शेण संपलं तरी भरू लागले."

संपतभाऊंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"भाऊ," वंदना म्हणाली, "भैरव जेवतो एवढंच तुम्ही लिहिलं. तो भ्यायला होता हे लिहिलं नाही. म्हणून मला खोटं वाटलं. आत्ता सांगितलं तसं लिहा."

"अन् हे बाहेर गेलं तर?"

"माझ्याकडून नाही जाणार."

"न्हाईच जाणार," ते म्हणाले. ते वाक्य विश्वासाचं की धमकीचं, हे तिला परतीच्या सगळ्या वाटेत ठरवता आलं नाही.

मग काही दिवस दुपारच्या वेळी फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड होऊन येऊ लागला. बारावं प्रकरण ते बोलून पाठवत होते. ती टाईप करत गेली. गाड्यावरचा पेपर, तेलाने ओली झालेली बोटं, नर्सच्या चपलांचा आवाज जवळ आला की आणखी एक घास. हे वाचताना तिच्या तळव्यांना घाम सुटला. वर्गात इतक्या भयकथा तपासल्या होत्या, पण अशी भीती तिला कागदावर कधी भेटली नव्हती.

पुस्तक निघायला आलं आणि त्यांचा फोन आला.

"ताई, ते प्रकरण काढा."

"भाऊ, पुस्तकात खरं तेवढंच आहे."

"म्हणूनच. तालुका हसंल माझ्यावर. उद्या कोणी भीत न्हाई म्हणलं की धंदाच संपला. पहिलंच ऱ्हाऊ द्या, भैरव भीत न्हाई तेच." ते पुढे म्हणाले, "अन् तुमच्याजवळचं पुसून टाका. पुसलं का म्हणून मी विचारणार न्हाई. तुमच्यावर सोडलं."

तिने जुनं प्रकरण परत जागेवर लावलं, भैरवला पुन्हा न भिता गाड्यावर जेवायला बसवलं आणि पुस्तक पाठवून दिलं.

आवाजाची रेकॉर्डिंगं तिने पुसली; नव्या प्रकरणाची फाईल मात्र उघडीच होती. ठेवली असती तर कोणाला कळलं नसतं. सगुणाबाई अंगणात गहू निवडत होत्या. वंदनाने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. एक वाक्य लांबलं होतं, ते तोडलं. नर्सच्या चपलांपाशी एक स्वल्पविराम कमी होता, तो घातला. शेवटच्या ओळीपुढे पूर्णविराम राहून गेला होता, तो दिला. सगळं पुन्हा एकदा वाचून पाहिलं. आता त्यात काही चूक नव्हती.

मग तिने ते पुसलं.