शेजारच्या फळीवरचे गजर

घड्याळजींच्या बायकोला टिकटिक सोसत नसे. दुरुस्त केलेलं प्रत्येक गजराचं घड्याळ ते काही दिवस चालवून बघत. सगळ्यांचे काटे जुळवायचे, गजरही एकाच वेळेचा लावायचा, म्हणजे मागं पडणारं लगेच सापडतं. पण घर दोन खोल्यांचं. शेवटी तिनेच शेजारच्या नर्सला गळ घातली, "तू दिवसभर दवाखान्यात. तुझ्या फळीवर ठेवू दे, बाई. नाहीतर मला वेड लागेल."

"ठेव की! माझ्या आवाजापुढे घड्याळं काय ऐकू येणार?" नर्स हसली होती. गल्ली तिला भोंगाच म्हणायची. कुणाचं झोपडं पाडलं, कुणाचा पगार अडला, की ही साहेबांच्या दारात उभी.

परवा सकाळी पोलिसांनी भोंग्याला गाडीत घालून नेलं. नवा सुरक्षा कायदा लावला. त्यात जामीन नाही, कुठे ठेवलंय तेही सांगत नाहीत. फळीभर घड्याळं सापडली, सगळ्यांचा गजर एकाच वेळेचा! "मोठा कट होता म्हणे," किराणावाला म्हणाला आणि आपणच बोललो का, अशा भेदरलेल्या नजरेने इकडेतिकडे बघत आत गेला.

घड्याळजींनी चपला पायात सरकवल्या. बायकोने दाराला कडी घातली.

"कुठे निघालात?"

"आपली आहेत ती. सांगून येतो."

"सांगायला जाल नि आतच राहाल. सुक्याबरोबर ओलंही जळतं, अहो. तिला सोडवतील तिची माणसं."

"तिला आहे कोण?"

तिने कडीवरचा हात काढला नाही. संध्याकाळी देवापुढे बसली, तर ओठांवर त्याचं नावच येईना.

आज पोलिसांचा साहेब स्वतःच दुकानात आला. साधे कपडे, गोड बोलणं. ती मागच्या पडद्याआड श्वास रोखून उभी.

"काका, तुम्ही जाणकार. या घड्याळांना तारा जोडून स्फोट घडवता येतो, एवढं लिहून सही करा. काम संपलं."

"तार काय, कशालाही जोडता येते, साहेब."

"झालं तर मग. 'येते' एवढंच लिहा."

घड्याळजींनी हातातला चिमटा काचेवर ठेवला. त्यांनी एकदाच पडद्याकडे पाहिलं. तिला कळलं. हा माणूस फक्त तिच्या शब्दाखातर गप्प बसलाय, आणि आता साहेब त्याच्याच हाताने भोंग्याला कायमचं आत घालणार.

ती पडदा सारून बाहेर आली.

"घड्याळं आमची आहेत. मीच तिकडे ठेवायला लावली. मला टिकटिक सोसत नाही."

मोठ्याने म्हटल्यावर तिचं तिलाच ते खुळचट वाटलं. साहेब हसला नाही. त्याने टेबलावरचं पेन उचलून खिशात अडकवलं आणि बाहेरच्या शिपायाला खूण केली. शटर निम्म्यावर आलं.

"अस्सं. म्हणजे तुम्ही तयार करायचात, ती सांभाळायची."

"तयार नाही हो, दुरुस्त!"

"कधीपासून चाललंय हे?"

घड्याळजी स्टुलावरून उठून तिच्याशेजारी येऊन उभे राहिले. तिने त्यांची बाही घट्ट धरली.

"पहिल्यापासून सांगते," ती म्हणाली. "लिहून घ्या, साहेब."

ती सांगत राहिली. साहेबाने पेन काही खिशातून काढलं नाही.