खिडकीबाहेरचा कांदा

शाहूपुरीतल्या मगदुमांच्या घरात एका जागी स्वस्थ पडलेली कुठलीही वस्तू सुनेच्या तावडीतून सुटली नव्हती. लोणच्याच्या बरण्या, परसातली कर्दळ, मिक्सर, सासऱ्यांच्या वहाणा, त्रिशलाने सगळ्यांची चित्रं काढून झाली होती. ती चित्रं राहायची माळ्यावर, जुन्या गाद्यांखाली. बैठकीची भिंत पूर्वजांच्या फोटोंची. सासूबाई पद्माक्कांनी एकदाच सांगून टाकलं होतं, "आजोबांच्या शेजारी वहाणा टांगायला हे काय चपलांचं दुकान न्हाय."

सत्त्याण्णव साली महिला मंडळाने चित्रप्रदर्शन ठरवलं आणि त्रिशलाकडे एक चित्र मागितलं. तिचं चित्र पहिल्यांदाच भिंत बघणार होतं. तिने स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर तांब्याची घागर मांडली, शेजारी चार लिंबं ठेवली. सगळं कसं प्रवचनाला बसल्यासारखं सोज्वळ दिसायला लागलं. त्यात एखादा वात्रट हवा होता. तो शेजारच्या तानाबाईंच्या दारात सुपात लोळत होता. गुलाबी अंगाचा, साल अर्धी सुटलेला, शेंडीवाला कांदा.

पदराखालून आणला, पण पद्माक्कांच्या नाकाला पोलिसात नोकरी मिळाली असती.

"चातुर्मास चाललाय आन् जैनाच्या घरात कांदा?"

"आत्या, खायला न्हाय. चित्रात घालायला आणलाय."

"व्हय की! चोर मुक्कामाला न्हाय, नुसता चा प्यायला आलाय!"

"चित्राला वास येत न्हाय, आत्या."

"मला येतोय. उंबऱ्याच्या आत कांदा न्हाय म्हंजे न्हाय."

त्रिशलाचं तोंड उतरलं. मग तिची नजर खिडकीकडे गेली. तिने कांदा नेऊन खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवला, परसात. घागर आत, कांदा बाहेर, मध्ये गज. पद्माक्कांनी आतून बघितलं, परसात जाऊन बघितलं. नियम कुठेच मोडत नव्हता, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

मांडणी मात्र खुलली. आतला काळोख, घागरीवर पडलेला उजेड, मागे पेरूचं झाड आणि गजाआडून आत डोकावणारा कांदा, घरात न घेतलेल्या जावयासारखा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, कांदा रंगवायचा राहिलेला असताना, सासऱ्यांना एकाएकी परसातल्या हवेची ओढ लागली. बापूसो भाकरीचं ताट घेऊन पेरूखाली जेवायला बसले. त्रिशला ब्रश धुऊन आली, तर कठड्यावर नुसती साल.

"मामा, कांदा कुठं गेला?"

"मुंगसानं न्हेला असंल," बापूसो ताटात बघत म्हणाले.

पद्माक्का खिडकीशी आल्या. त्यांनी एकदाच श्वास घेतला.

"मग मुंगसाला म्हणावं, चूळ भरून घरात यायचं."

त्रिशलाने धुतलेला ब्रश खाली ठेवला. आता चित्र अर्धवटच जाणार, किंवा जाणारच नाही. सासूबाई सुटल्यासारख्या हसतील, असं तिला वाटलं. पण पद्माक्का नवऱ्यावर कडाडल्या, "उठा! तानाबाईकडं जावा आन् कांदा मागून आणा. पुढच्या दारानं. पिशवी न्हाय मिळायची, हातात धरून आणायचा."

"अगं, गल्ली बघती..."

"खाताना गल्ली आठवली न्हाय?"

भर दुपारी मगदूमशेठ कांदा हातात घेऊन गल्लीतून आले. लोक ओट्यावर येऊन उभे राहिले. दुसरा कांदा पहिल्यापेक्षाही देखणा निघाला.

प्रदर्शनात पद्माक्का चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्रिशलाला वाटलं, आता हे चित्रही गाद्यांखाली जाणार.

"कांदा ऱ्हाऊ दे," त्या अखेर दात खाऊन म्हणाल्या, "पर घागर काळी दिसतीया! चिंच लावून घासून दिली असती की मी. चार बायका बघून काय म्हणतील?"

"जशी दिसली तशी काढली, आत्या."

"तुझं दिसणं आन् माझी अब्रू!"

चित्र घरी आलं. पद्माक्कांनी स्वतः स्टुलावर चढून आजोबांचा फोटो थोडा सरकवला आणि शेजारी खिळा ठोकला. माळ्यावर टाकलं असतं तर लोक म्हणाले असते, घागरीची लाज वाटली म्हणून लपवलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या घरात पाहुणा आला, की पाणी प्यायच्या आत त्याला ऐकावं लागायचं, "पावणं, नीट बघा. कांदा खिडकीच्या भाईर हाय. आन् घागर त्या दिवशीच तेवढी घासायची ऱ्हायलीती."