ओलीटाला न विचारता

जरा जवळ या. माझा आवाज आता फार लांब जात नाही.

मी गिटार आहे, व्हर्ना स्टिडमची. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. पण एक काळ असा होता की आमच्या केंटकीत ट्रक चालवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

बर्ल कूम्ब्स नावाच्या सुताराने मला घडवलं. त्याचा खरा धंदा खुर्च्यांचा. पण खुर्ची कितीही चांगली केली तरी माणूस तिच्यावर बसतो आणि उठून जातो, याचं त्याला वाईट वाटायचं. म्हणून हिवाळ्यात तो एखादं वाद्य करायला घ्यायचा. माझी पाठ अक्रोडाची, पोट हलक्या पांढऱ्या लाकडाचं. व्हर्नाच्या वडिलांनी एक वासरू देऊन मला घरी आणलं. त्यांना स्वतःला वाजवता येत नव्हतं. धाकटी पोर झाडू धरून गिटार वाजवल्याचं सोंग करते, ते त्यांना बघवेना, एवढंच.

ती धाकटी म्हणजे व्हर्ना. थोरली ओलीटा. ओलीटाचं लग्न लवकर झालं, खाणीत काम करणाऱ्या डेल्मर कॉबशी. व्हर्ना मला पाठीला बांधून नॅशव्हिलला गेली.

त्या शहरात गाणी लिहिणारी माणसं इतकी, की न्हावीसुद्धा कात्री थांबवून आपलं नवं कडवं ऐकवतो. व्हर्ना सकाळी एका खानावळीत लोकांच्या कपात कॉफी ओतायची आणि दुपारी गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांचे जिने चढायची. "आवाज गोड आहे हो, पण गाण्यात काही घडत नाही," असं जो तो सांगायचा. ती बाहेर येऊन जिन्यावर बसायची, मला पेटीत ठेवायची आणि पेटीच्या कड्या लावायलासुद्धा विसरायची. अशी किती वर्षं गेली! तिच्या बरोबरच्या मुली लग्नं करून घरी परतल्या. ती राहिली.

एकदा शरदात आम्ही गावी, ओलीटाकडे गेलो होतो. डेल्मर खाणीत होता. ओलीटा ओट्याशी सफरचंदं चिरत होती आणि व्हर्ना मला मांडीवर घेऊन उगाच तारा छेडत होती. ओलीटा चिरता चिरता म्हणाली, "एकदा निघाले होते गं मी."

"कुठे?"

"इथून. मुलांचे कपडे पिशवीत कोंबले, तव्यावर पाव तसाच टाकला आणि निघाले. नदीच्या पुलापर्यंत गेले. धाकटा विचारायला लागला, आई, रात्री झोपायचं कुठे? मला सांगता येईना. मग वळले." तिने सुरी पुसली. "घरी आले तर पाव जळून कोळसा झालेला. डेल्मर तेवढ्यात आला. पाव का जळला म्हणून मारलं मला. कुठे गेले होते ते त्याला कळलंच नाही."

व्हर्नाचा हात माझ्यावर थांबला होता.

"कुणाला बोलू नकोस हं," ओलीटा म्हणाली.

"वेडी का तू, ताई? मी कुणाला सांगणारे?"

आणि परतीच्या बसमध्ये तिने मला पेटीतून काढलं. शेजारच्या म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण तिचं लक्षच नव्हतं. नॅशव्हिल यायच्या आत गाणं तयार होतं. त्यात तवा होता, पिशवी होती, पूल होता आणि पुलावरून मागे फिरणारी बाई होती. मी आजवर तिच्या शेकडो चाली अंगावर घेतल्या आहेत. तशी चाल पुन्हा आली नाही.

प्रुइट नावाच्या एका निर्मात्याने ते ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला, "सोनं आहे हे. फक्त शेवट बदल. मागे फिरणारी बाई कोण ऐकणार, व्हर्ना? तिला पूल ओलांडू दे. देशभरातल्या बाया स्वयंपाकघरात उभ्या राहून टाळ्या वाजवतील."

"पण ती परतली होती."

"कोण ती?"

व्हर्ना माझ्या खुंट्या पिळत बसली. मग म्हणाली, "कुणी नाही."

गाण्यातल्या बाईने पूल ओलांडला. आणि व्हर्ना एकदम वर चढली. रेडिओवर तासातासाला आम्ही. स्वतःची बस, टिकल्यांचा चमचमता शर्ट, माझ्यासाठी मखमलीचं अस्तर लावलेली पेटी. कार्यक्रम संपला की बाया स्टेजच्या कडेला यायच्या. एक तर व्हर्नाचा हात धरून नुसती रडली, मग म्हणाली, "तुमचं गाणं ऐकलं आणि मी बाहेर पडले. मुलीला घेऊन. पूल नव्हता हो आमच्या गावात, रेल्वेचं फाटक होतं." हे मी खोटं कसं म्हणू? त्या गाण्याने माणसं वाचली, हे खरंच आहे.

नाताळच्या आधी व्हर्ना नव्या गाडीतून गावी निघाली. मुलांसाठी बूट, ओलीटासाठी लोकरी कोट, आणि मागच्या सीटवर मी. ओलीटाने दार उघडलं तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता. खांद्याचं हाड मोडलेलं.

"ये," ती म्हणाली. "तुझ्या गाण्यातली बाई बघायला आलीस?"

"ताई, हे काय झालं?"

"काय होणार? खाणीत सगळे त्याला विचारतात, काय रे डेल्मर, तुझी बायको पूल ओलांडून पळाली म्हणे? व्हर्नाची बहीण एकच आहे हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. त्याने मला विचारलं, कधी गेली होतीस? मी म्हटलं, गेलेच नाही. तो म्हणाला, गाण्यात तर आहे. मग त्याने तवा उचलला."

व्हर्नाच्या हातातली खोकी खाली पडली. "माझ्याबरोबर चल. आत्ता. मुलांना घे, गाडी दारात आहे."

"आणि तिकडे काय करू? स्टेजवर उभी राहू? हीच ती, म्हणून दाखवशील?" ओलीटाचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "गाण्यात मी सुटले, व्हर्ना. इथे मला संध्याकाळी त्याच्यासाठी बटाटे सोलायचे आहेत. जा तू."

कोट तिने परत दिला. बूट ठेवून घेतले, मुलांना हवे होते म्हणून.

त्यानंतर व्हर्नाने ते गाणं म्हणणं सोडलं. कुणाला कारण सांगितलं नाही. ओहायोतल्या एका जत्रेत लोक त्याच गाण्यासाठी पाय आपटायला लागले. ती दुसरी गाणी म्हणत राहिली. कुणीतरी बर्फ भरलेला कप भिरकावला, तो माझ्या पोटावर आदळला. अजून खूण आहे. खाली उतरल्यावर प्रुइट ओरडला, "लोक एका गाण्यासाठी येतात आणि तू तेच देत नाहीस! तुला झालंय काय?"

"घसा," ती म्हणाली.

दुसरी तबकडी आली तशी गेली. तिसरी निघालीच नाही. कंपनीने नाव काढून टाकलं. बस गेली, मग साथीदार गेले, ज्याच्याशी लग्न ठरत होतं तो ड्रम वाजवणाराही गेला. आम्ही मोटेलांच्या बारमध्ये गायलो, ट्रॅक्टरच्या दुकानाच्या उद्घाटनाला गायलो. गाडीच्या डिकीत उन्हाने माझं पोट चिरलं. शेवटी व्हर्ना एका इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायला लागली आणि मी पलंगाखाली गेले. पलंगाखालून माणसाचे फक्त पाय दिसतात. तिचे पाय दरवर्षी थोडे जड होत गेले. मध्ये डेल्मर छातीत कोळशाची धूळ साचून गेला. त्याचं सगळं दुखणं ओलीटाने काढलं. व्हर्ना मातीला गेली होती. मला नेलं नाही.

मग एका सकाळी प्रुइटचा फोन आला. म्हातारा झाला होता, पण उत्साह तोच. मार्ली ड्यूक म्हणून एक नवी गायिका, आज ती म्हणेल ते चालतं. तिला ते गाणं म्हणायचं होतं, आणि दूरचित्रवाणीवर व्हर्नाला शेजारी उभं करायचं होतं. "तू परत येतेस, पोरी," प्रुइट म्हणाला. "सगळे विचारतील, इतकी वर्षं ही कुठे होती?"

व्हर्नाने मला पलंगाखालून ओढलं, धूळ पुसली, नव्या तारा चढवल्या. हे तिला किती हवं होतं ते मला कळत होतं. इतकं घट्ट तिने मला तरुणपणीसुद्धा धरलं नव्हतं. पण गाडी तिने नॅशव्हिलकडे वळवली नाही. आम्ही ओलीटाकडे गेलो.

ओलीटा व्हरांड्यात शेंगा सोलत होती. व्हर्नाने सगळं सांगितलं.

"या वेळी विचारायला आलीस," ओलीटा म्हणाली. "तेव्हा का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"आत्ताही नाहीच म्हणते."

व्हर्ना उठली, आत गेली आणि ओलीटाच्या स्वयंपाकघरातूनच फोन लावला. "मी येणार नाही. आणि तिलाही म्हणू देऊ नका."

पलीकडून प्रुइट इतक्या मोठ्याने बोलला की मला व्हरांड्यात ऐकू आलं. "अगं, परवानगी मागायला नव्हता केला फोन मी. गाणं कंपनीचं आहे. मार्ली म्हणणारच. तू शेजारी उभी राहतेस का, एवढंच विचारत होतो."

व्हर्ना बाहेर येऊन पायरीवर बसली. "ते आता माझ्याही हातात नाही, ताई."

ओलीटाने शेंगांची पाटी बाजूला सारली. बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला नाही की रागावलीही नाही. मार्लीचं गाणं त्या उन्हाळ्यात सगळीकडे वाजलं. किराणा दुकानात लागलं की ओलीटा सामान तिथेच ठेवून बाहेर यायची.

व्हर्ना मात्र दर रविवारी यायला लागली. एका रविवारी जेवण झाल्यावर ओलीटा म्हणाली, "ती पेटी उघड. मला बोटं कुठे ठेवायची ते दाखव."

"तुला शिकायचंय?"

"तू माझी निम्मी गोष्ट सांगितलीस. वळले, त्याच्या पुढेही मी जगले की नाही? सारं आयुष्य पडलंय तिकडे. ते सांगायला मला कुणाची जीभ भाड्याने नको."

तेव्हापासून मी इथे आहे, ओलीटाच्या घरी. तिची बोटं सावकाश चालतात, तारा चुकतात. ती स्वतःशीच हसते, शिवी देते, पुन्हा लावते. व्हर्ना समोर बसून ऐकते आणि एक शब्द सुचवत नाही. तोंड उघडलंच तर ओलीटा डोळे वटारते. मधल्या सगळ्या वर्षांत मी व्हर्नाला असं गप्प बसून ऐकताना पाहिलं नव्हतं.

ती जे गाणं रचतेय त्याचे शब्द मी तुम्हाला सांगणार नाही. विचारूही नका.

माझ्या पोटावरची चीर आता मानेच्या बाजूला सरकतेय. परवा एक जाणकार बघून म्हणाला, ही फार काळ ताण सोसणार नाही, भिंतीवर लावून ठेवा. कृपा करून लावू नका. मला उन्हात ठेवू नका, ओलीत ठेवू नका, हवं तर तारा थोड्या सैल करा. पण तिच्या हातातून काढू नका. तीन कडवी झाली आहेत. शेवट काय करायचा ते ओलीटाचं अजून ठरायचं आहे, आणि या वेळी तिला घाई करणारं कुणी नाही. तेवढं होईपर्यंत मला टिकू द्या.