मारकुटा

पाण्यावर काहीतरी तरंगत होतं... नखाएवढा नारिंगी पापुद्रा... आणि तो शेपटीचा तुकडा आहे हे कळेपर्यंत त्याचा हात जाळीकडे गेलासुद्धा होता. हात नेहमी आधी जातो. डोकं मागून येतं, पंगत उठल्यावर पोचणाऱ्या आचाऱ्यासारखं.

टाकीत तीन बार्ब मासे उरले होते, अंगठ्याच्या पेराएवढे, काळ्या पट्ट्यांचे. लेक मामाकडे गेली तेव्हा आठ होते. जाताना कानावर रुमाल दाबून, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली होती, "माशांना तरी मारू नका, बाबा." आज पाचला ती येणार होती. मासे न्यायला, की राहायला? मामा फोनवर एवढंच म्हणाला, "घर बघेल आणि ठरवेल, भावोजी. मी मध्ये पडणार नाही."

त्याने मनापासून सांभाळले होते. दाणे मोजून, पाणी बदलून. पण दुसऱ्याच दिवशी एकाने दुसऱ्याची शेपटी कुरतडली, आणि त्याच्या डोळ्यांपुढे लाल झालं. मारकुट्याला जाळीत धरलं, मोरीच्या दगडावर अंगठ्याखाली चिरडलं — कट्कन आवाज आला, एवढ्याशा जिवाचा एवढा आवाज — आणि बरं वाटलं. न्याय केल्यासारखं. सकाळी बघतो तर कालचा सगळ्यात गरीब मासा बाकीच्यांना सोलत होता. त्यालाही चिरडलं. मग तिसऱ्याला. मग चौथ्याला. पाचवा त्यांनीच खाल्ला.

धाकट्या भावालाही त्याने असंच घरातून काढलं होतं, ओठ फुटेपर्यंत मारून. आता घरात शांतता नांदेल म्हणाला होता. नांदली... आठवडाभर. मग पोरीचं उलट उत्तर, मग तो कान, कानातून गळ्यावर आलेली बारीक लाल रेघ. आणि आपला हात, हवेतच, अजून भूक असल्यासारखा.

माशांच्या दुकानातली बाई सकाळी हसली होती. "काका, मारकुटा काढत बसलात? एक काढला की दुसरा होतो. कळपाचा मासा हा. आठ-दहा असले की धुसफूस सगळ्यांत वाटली जाते, एकाच्या जिवावर येत नाही."

"पण तो गरीब होता हो."

"यांच्यात गरीब नसतो काका. पाळी न आलेला असतो. न्या आणखी पाच, कुणाला कळणारसुद्धा नाही."

कुणाला कळणारसुद्धा नाही... म्हणूनच तर आणले होते.

पिशवी आता टाकीत तरंगत होती. पाण्याची ऊब सारखी झाली की गाठ सोडायची. आत पाच, बाहेर तीन. बाहेरचे तिघे प्लास्टिकवर धडका देत होते, आतले कोपऱ्यात गोळा होऊन थरथरत होते. बाहेरच्यांतल्या एकाने अशी झेप घेतली की याच्या मनगटातली शीर उडाली — काढ, चिरड, आत्ता, पाच वाजायच्या आत — आणि जाळी पाण्यात शिरली.

कारखान्यात तो पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होता. तिथे दोन बटणं, हातभर अंतरावर. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय टनाचा ठोका खाली येत नाही. कुणाचा हात मध्ये सापडू नये म्हणून ही सोय. बावीस वर्षांत त्याच्या हाताखाली कुणाचं बोट गेलं नव्हतं. बाहेर मात्र हात मोकळे.

बेल वाजली.

जाळी हातातून सुटली. त्याने दोन्ही तळवे टाकीच्या दोन बाजूंना घट्ट टेकवले, हातभर अंतरावर. देवा, हे असेच धरून ठेव. पिशवीची गाठ तशीच होती. सोडली तर आठ भरतील, न सोडता ती आली तर मोजेल. मोजू दे. काचेतून धडका तळव्यांना लागत होत्या, बारीक, न थांबणाऱ्या, आणि त्या नेमक्या कुठल्या बाजूने येताहेत हे त्याला आता सांगता येईना.

"दार ढकल, पोरी," तो म्हणाला. "कडी नाहीये. मला हात काढता येत नाहीत."